बर्फ्याची हळद

हळद शिजायला लागली की आमच्या गावाला दारंखिडक्या उरत नाहीत. वाफ थेट घरात येते. उशीला, माठाला, भाकरीच्या पिठाला तो ओला, मातकट वास चिकटतो आणि चैत्र संपेपर्यंत सुटत नाही. परवा शेजारच्या मळ्यात कुकर पेटला. हा कुकर ओट्यावरचा नव्हे. ट्रॉलीवर बसवलेले लोखंडी ढोल, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, आणि झाकण उघडलं की ढगासारखी उसळणारी वाफ. मी बशीत चहा ओतला होता. वास आला तसा बशीला तोंड लावायचं राहून गेलं. सिंधूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते पाहिलं. उठून खिडकी लावून घेतली. उकाड्याच्या दिवसांत, पंखा गरम वारा फेकत असताना, खिडकी.

गावात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. जेसीबी चालवता चालवता मी ग्रामपंचायतीची पाण्याची पाइपलाइन दोनदा तोडली. एकदा चुकून, आणि दुसऱ्यांदा पहिली कुठं तुटली होती ते दाखवताना. ही एक. दुसरी ख्याती बर्फ्याची. पाइपलाइनची गोष्ट मी कुठंही सांगतो, लग्नात, मयतीत, एसटीत. बर्फ्याचीही सांगतो. लोक हसतात. मी सांगतोच तशी.

चार हंगाम मी वर हिमाचलात, लाहौलात, रस्त्याच्या कामावर मशीन चालवली. तिथं जूनमध्येही स्वेटर लागायचा आणि मी तो आमच्याकडच्या हट्टा गावच्या बाजारातून नेलेला असल्यामुळं थंडी त्यातून आरपार जायची. ज्या घरात आम्ही भाड्यानं राहत होतो त्या घराच्या मालकाकडं एक जनावर होतं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका, पोटाखाली लोंबणारे केस, घोड्यासारखी झुपकेदार शेपटी. हंबरत नसे, घशातल्या घशात गुरगुरायचं, एखादा म्हातारा झोपेत कूस बदलताना करतो तसं. मालक म्हणाला, हा झो. बाप याक, आई गाय. जवाच्या शेतात नांगराला जुंपला की दगडधोंडे बघत नाही, सरळ चालतो. स्वभावानं गरीब. फक्त याला पिल्लं होत नाहीत. नर झोचा वंश त्याच्यापाशीच संपतो, मग पुन्हा याक आणि गाय यांच्यापासून नव्यानं सुरुवात.

मला ते जनावर आवडलं. एखादी गोष्ट आवडली की ती आपल्या दारात बांधलेली असावी असं मला वाटतं, हा माझा जुना रोग. मी मालकाच्या मागं लागलो. त्यानं पुष्कळ समजावलं. म्हणाला, हे डोंगरातल्या मधल्या उंचीवरचं जनावर आहे, आम्हीसुद्धा नदीवरच्या पुलापेक्षा खालच्या मुलखात याला नेत नाही. मी हिशेब मांडला: अर्धा याक, अर्धी गाय. याकाला ऊन सोसत नाही हे कबूल. पण आमच्याकडं गाई सुखानं नांदतातच की. म्हणजे याचा एक भाग आधीच हिंगोली जिल्ह्याचा. पुढं त्याला घेऊन खाली येताना ट्रक ड्रायव्हरला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, आणि दुसऱ्या भागाचं काय? मी म्हणालो, "अर्धा याक मेला तरी अर्धी गाय उरंलच ना." आम्ही दोघं खूप हसलो. त्या हसण्यात एक वळण चुकलं आणि आम्ही चंबळच्या बाजूला कुठंतरी तासभर भरकटलो.

हंगाम संपल्यावर कंत्राटदाराचा ट्रक सामान घेऊन खाली येत होता. मालकानं अखेर विकलेला तो झो त्यातच आला. डॉक्टरी कागद होता, तरी प्रत्येक नाक्यावर ताडपत्री वर करून साहेब लोक विचारायचे, गाय आहे की म्हैस? मी म्हणायचो, दोन्ही नाही. मग ते त्याच्याकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे, कागद उलटा करून बघायचे आणि शेवटी, जाऊ द्या एकदाचा, असा हात करायचे. आयुष्यात इतका मान मला कुठल्याच नाक्यावर मिळाला नव्हता.

दिवाळी नुकतीच झाली होती. पहाटे तुरीवर दव पडायचं, जवळा बाजारच्या रस्त्यावर धुकं असायचं, आणि त्या धुक्यात आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, बर्फ्या उभा. हे नाव सिंधूनं ठेवलं. थंडीच्या त्या दोन महिन्यांत त्यानं गाव जिंकलं. माणसं माळवं घ्यायला निघायची आणि वाट वाकडी करून आमच्याकडं यायची. कुणी म्हणे अस्वल, कुणी म्हणे केसाळ हेला. नांगराला जुंपला तर खरंच सरळ चालला. सिंधू त्याला सकाळी ज्वारीचा कडबा टाकायची आणि त्याच्या मानेखालच्या केसांत हात घालून उभी राहायची. "किती ऊब हाय हो याच्यात," म्हणायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. आम्हाला लेकरू नाही. कुणाच्या मानेत हात घालून ती अशी उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता माझ्या मूर्खपणाचं मूळ सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमच्याकडं पोळ्याला वेशीत तोरण बांधतात. सगळ्या गावाचे बैल सजवून तिथं उभे करतात, मंगलाष्टका म्हणतात, बैलांचं लग्नच लागतं. मग पोलीस पाटलांचा मानाचा बैल आधी तोरणाखालून जातो आणि त्यामागं ज्याचा त्याचा मान पाहून बाकीचे. ज्याच्या हातात कासरा तो माणूस त्या दिवशी वेगळाच चालतो. आमच्या घरी ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. पंधरा वर्षं आम्ही मातीचे बैल पाटावर मांडून पुजत होतो आणि तोरणापाशी मी बघ्यांत उभा राहत होतो. बर्फ्या आल्यावर मी मनाशी पक्कं केलं: यंदा तोरणाखालून जायचं. असलं जनावर घेऊन, की पाटलांच्या खिल्लारी बैलाकडं कुणी ढुंकून बघणार नाही. फाल्गुनातच मी जवळा बाजारहून घुंगरमाळ आणि गोंडे आणले. दुकानदार म्हणाला, भाऊ, पोळ्याला अजून अवकाश आहे. मी म्हणालो, तयारी आहे माझी. मला तोरणाखालून जायचं होतं आणि त्याला जगायचं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एवढा एकच प्रश्न होता.

फाल्गुन हा आमच्याकडं लबाड महिना. सकाळी गारवा दाखवतो, दुपारी अंगावर येतो. हळद खणून निघालेली, सगळ्या शिवारात ओल्या हळकुंडांचे ढीग, कुकरांचा धूर, बायकांच्या हातांना न जाणारा पिवळा रंग. बर्फ्या कडब्याला तोंड लावेनासा झाला. निंबाखाली बसून जीभ बाहेर काढायचा. तोंडाची लाळ तारेसारखी जमिनीपर्यंत लोंबायची.

गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथले थावरू काका एकदा पाहायला आले. सत्तरीच्या पुढचा माणूस. त्यांच्या पणज्याच्या काळी तांड्याचे बैल पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन मुलुख तुडवायचे. आता काका शेती करतात, पण जनावराकडं बघायची नजर तीच राहिली आहे. ते बर्फ्याजवळ उकिडवे बसले, बरगडीवर हात ठेवला आणि त्याचा श्वास मोजू लागले. मी मध्ये दोन विनोद केले. हसले नाहीत.

"दिगू, सावलीत बसलेलं जनावर धापा काहून टाकून राहिलं?"

मी म्हणालो, सवय नाही अजून, होईल.

काकांनी सांगितलं, त्यांचा जावई मोहन हळदीचा ट्रक घेऊन पंजाबकडं निघाला आहे. तिथून वर जाणारी गाडी तो बघून देईल. होळीच्या आत धाडलं तर वाचेल, त्यानंतर रस्त्यातच भाजून निघेल. मी म्हणालो, पोळा झाला की नक्की धाडतो. काका उठले, धोतर झटकलं.

"पोळ्याला पाच महिने हायेत. त्याला इचारलं का, बाबा तुला पोळा पाहायचा का म्हणून?"

दोन दिवसांनी मोहननं ट्रक खरंच आमच्या आखाड्यासमोर उभा केला. वर हळदीची पोती, मागं एका जनावरापुरती जागा मोकळी ठेवलेली, तळाला तणसही पसरलेलं. सिंधू दारात आली. "जाऊ द्या त्याला. गाडी दारात हाय," एवढंच म्हणाली. मी मोहनला चहा पाजला, पाइपलाइनची गोष्ट सांगितली, पोट धरून हसवलं आणि रिकामा परत पाठवला.

कधीकधी वाटतं, माझ्या जागी तोंडाळ, भांडखोर माणूस असता तर बरं झालं असतं. त्याच्याशी लोक भांडले असते. माझ्याशी भांडता येत नाही. मी आधीच स्वतःवर हसून मोकळा झालेला असतो, मग समोरच्यानं बोलायचं काय? आमच्याकडं माणूस एकदा हसण्यावारी गेला की त्याच्या दारातलं दुखणंही हसण्यावारी जातं.

चैत्रात माझ्या डोक्यात कल्पना आली. कल्पना आली की मी आधी हुरळतो. मेंढ्या राखणारे संभामामा माळावर उतरले होते. उन्हाळ्याच्या तोंडाला ते मेंढ्या कातरतात, हे लहानपणापासून पाहत आलोय. कातरलेली मेंढरं कशी हलकी होऊन पळतात! मग बर्फ्यानं काय घोडं मारलंय? संभामामांना घेऊन आलो. त्यांनी केसांत बोटं घालून कातडी पाहिली आणि मान हलवली. म्हणाले, "भाऊ, मेंढरामागं माझी हयात गेली. हे मेंढरू न्हाई." मी म्हणालो, मामा, ऊन आहे म्हणजे लोकर काढायची, यात मेंढरू काय अन् झो काय. शेवटी त्यांनी कातर उघडली. माझ्या शब्दावर उघडली, हे मी आजही सगळ्यांना सांगतो. त्यांना बोल लागता कामा नये.

बर्फ्या अजिबात हलला नाही. कातर कुरकुर चालत होती आणि काळ्या केसांचे ढीग पडत होते. कदाचित वाऱ्याची झुळूक आधी बरी वाटली असेल त्याला. संध्याकाळपर्यंत समोर उभं राहिलं ते एक भलतंच जनावर होतं: राखी-गुलाबी कातडी, वर आलेली हाडं, पायऱ्यापायऱ्यांनी कातरलेल्या कडा, आणि डोक्यावर तेवढे केस राहिलेले. गाव लोटलं. मोबाइल निघाले. कुणीतरी म्हणालं, दिगूभाऊनं झोचा कोंबडा केला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

दुसऱ्या दिवशीच्या उन्हानं त्याची पाठ भाजली. ज्या कातडीला जन्मात ऊन दिसलं नव्हतं तिला मी चैत्रातल्या दुपारी उघडं करून बसलो होतो. केस त्याला थंडीपासूनच नव्हे, उन्हापासूनही राखत होते, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी फोड आले, चौथ्या दिवशी फुटले आणि माश्या जमल्या. हळदीच्या हंगामात माणूस जखमेला दुसरं काय लावणार? घमेलंभर हळद तेलात कालवून मी त्याला शिंगांपासून शेपटीपर्यंत माखलं. चरचरलं असेल. तो फक्त गुरगुरला.

पिवळाधमक बर्फ्या पाहायला पुन्हा गर्दी. नवरदेव, नवरदेव, असा गलका झाला. एकानं डोक्याला मुंडावळ्या म्हणून पिवळी दोरी बांधली, दुसऱ्यानं मंगलाष्टक सुरू केलं, तिसऱ्यानं तांदूळ टाकले. ते फोडांवर चिकटले. मग कुणीतरी विचारलं, नवरदेवाला हळद तर लागली, पण नवरी कोण? सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्याकडं असं बघितलं की माझी जीभ आपोआप सुटते.

"नवरी कशाला? वांझ हाय हा. आमच्या दारात जे येतं ते असलंच येतं."

हशा असा उसळला की निंबावरचे कावळे उडाले. सिंधू बर्फ्याच्या पलीकडच्या बाजूला होती, हळदीचं घमेलं धरून. मला ती दिसत नव्हती. म्हणजे, मी पाहिलं नव्हतं. तपासण्यांसाठी नांदेडला तीच गेली होती, तीन वेळा. मी गाडी चालवली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता यजमानांचीही तपासणी करून घ्या, आणि मी दवाखान्याच्या पायरीवर काहीतरी विनोद करून तिला घरी घेऊन आलो होतो.

त्या दुपारनंतर तिनं आपलं अंथरूण गोठ्याकडच्या पडवीत नेलं. माझ्याशी बोलणं बंद वगैरे नाही. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, सगळं होतं. बर्फ्याला मात्र ती ओल्या गोणपाटानं झाकायची, तासातासाला ते भिजवायची, पिठाचे गोळे तोंडात घालायची. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी इंजेक्शन दिलं, मलम दिलं, सावली आणि पाणी म्हणाले. जाताना फटफटी चालू करून बंद केली आणि मला विचारलं, तुम्ही शिकलेले दिसता, मग हे का केलं? मी उत्तर दिलं त्यावर ते हसले. काय दिलं ते आता आठवत नाही.

मोहनची गाडी चैत्राच्या शेवटी पुन्हा उत्तरेकडं निघाली. या खेपेला मीच तांड्यावर धावत गेलो. काका, घेऊन जा म्हणालो, पोळा गेला खड्ड्यात. काका माझ्याबरोबर आले. गोणपाट उचलून पाठ पाहिली आणि हळूच परत टाकलं.

"वर अजून बर्फ असंल?"

"असंल," मी म्हणालो.

"मंग असं उघडं जनावर तिथं थंडीनं जाईल. इथं उन्हानं चाललंय. रस्त्यात चार दिवस ट्रकचा पत्रा तापंल ते न्यारंच." ते उठले. "दिगू, तू त्याला दोन्हीकडून कातरलंस."

मी हसायला तोंड उघडलं. थावरू काका थांबले होते, मी काय म्हणतो ते ऐकायला. सिंधू गोणपाटावर पाणी ओतत राहिली.

वैशाखात तो पंधरा दिवस जगला. त्या पंधरा दिवसांतलं फारसं काही डोळ्यांसमोर येत नाही, कानांना आठवतं. दुपारचं सामसूम आवार, दूर कुठंतरी हळकुंडं पॉलिश करायच्या ढोलाची खडखड, आणि त्याचा श्वास. मी घरात पंख्याखाली पडून मोजायचो. मोजायला काकांनीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी आकडा चुकायचा इतका वेगात. शेवटी शेवटी सोपं झालं.

गेला तेव्हा खड्डा मीच घेतला, माझ्याच मशीननं. चौकोनी, सरळ भिंतींचा, देखणा खड्डा आला. बघणाऱ्यांतला एक म्हणाला, दिगूभाऊ, हात मात्र बसलाय तुमचा. आमच्याकडं बैल गेला की मातीआड करण्याआधी त्याला हळदकुंकू वाहतात. मी करंडा आणला होता. सिंधूनं कुंकू घेतलं, कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याला लावलं आणि हळदीचा खण झाकून करंडा मला परत दिला. वरून मीठ टाकलं, माती लोटली. जेसीबीच्या बादलीच्या पाठीनं दोनदा थोपटलं, सवयीनं.

हे सगळं लोक विसरले असते. पण पोळा आला. तोरण बांधलं, बैल उभे राहिले, मी नेहमीच्या जागी बघ्यांत. मंगलाष्टका झाल्या, पाटलांचा बैल गेला, बाकीचे गेले. मग कुणीतरी ओरडलं, दिगूभाऊंचा बैल राहिला की. दुसरा म्हणाला, बैल गेला म्हणून काय झालं, भाऊ आहेत ना. आणि मला पुढं ढकललं. कुणी पाठीवर झूल टाकली, कुणी गळ्यात घुंगरमाळ अडकवली. मी नको म्हणू शकलो असतो. गंमत करणारी माणसं वाईट नव्हती. इतकी वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं की माझ्याशी असंच वागायचं असतं. मी वाकलो, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि तोरणाखालून गेलो. आंब्याची पानं टाळूला लागली. अख्खं गाव हसलं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटलांच्या खिल्लारीकडं त्या वेळी खरंच कुणी ढुंकून बघत नव्हतं.

ती वरात तशीच वाजतगाजत माझ्या दारापर्यंत आली. पोळ्याला तोरणाखालून बैल आला की घरची बाई त्याचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळीचा घास देते. सिंधू आवाज ऐकून बाहेर आली. मी अजून वाकलेलाच होतो, झूल अंगावर, मान वर करून तिच्याकडं बघत. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. टोमणा नव्हता तिच्या आवाजात. एखाद्याला जेवण पोटभर झालं का, असं विचारावं तसं तिनं विचारलं,

"झालं मनासारखं?"

मागं लोक माझ्या उत्तराची वाट बघत होते. माझं तोंड हसलेलंच होतं, आणि ते मिटेना.